जिल्हाभर मीठ कमी

त्या वर्षी सगळ्या जिल्ह्याच्या स्वयंपाकाची चव गेली, असं सासऱ्यांचं ठाम मत झालं होतं.

ते हे रागाने म्हणत नसत, दुःखाने म्हणत. बाहेरून जेवून आले की हात-पाय धुऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे, डोळे मिटायचे आणि सुनेला सांगायचे, "लक्षच नाही गं लोकांचं आता. चिरतात, शिजवतात, वाढतात, पण मन कुठे असतं कुणास ठाऊक. लिही. रस्सा पातळ. मीठ कमी. मसाला नावाला. यादीतून काढावं."

सून लिहून घ्यायची. मांडीवर तेरा महिन्यांची पोर, पोरीच्या मुठीत पेनाचं टोपण आणि टेबलावर जिल्ह्याच्या पुस्तकाचा कच्चा मजकूर.

हे पुस्तक दर तीन वर्षांनी निघायचं. खिशात मावेल एवढं. कुठलं देऊळ किती वाजता उघडतं, कुठल्या खांबावर कारागिराने काम अर्धवट सोडलंय, कुठल्या गल्लीत अजून हातमागाचा खडखडाट ऐकू येतो, आणि हे सगळं बघून पोटात कावळे ओरडायला लागले की जेवायचं कुठे. अठ्ठावीस वर्षं हे पुस्तक सासऱ्यांचं होतं. जिल्हा बघायला येणारा माणूस बसमधून उतरला की त्याच्या हातात ते असायचंच. खानावळवाले आपलं पान फाडून काच लावून भिंतीवर टांगायचे.

सासऱ्यांची रीत ठरलेली होती. स्वतः जायचं, बसने. आधी देऊळ. मग देवळाच्या शेवटच्या पायरीपासून पावलं मोजत सगळ्यात जवळच्या खानावळीत. मागायचं ते सगळ्यात साधं जेवण, कारण साध्या जेवणात चुकीला लपायला जागा नसते. ताटापाशी वही काढायची नाही. "वही दिसली की स्वयंपाकीण घाबरते, आणि घाबरलेल्या हातून हमखास करपतं," असं ते म्हणायचे. जे काय असेल ते जिभेवर घेऊन घरी यायचं आणि त्याच संध्याकाळी सांगायचं. लिहून घ्यायच्या त्या सासूबाई. मागची आवृत्ती छापून आली आणि दोन महिन्यांत सासूबाई गेल्या. मग लिहिण्याचं काम सुनेकडे आलं. लग्नाआधी ती छापखान्यात मुद्रितं तपासायची, त्यामुळे कामाला नवखी नव्हती. फक्त आता ते काम पोरीच्या झोपेच्या मापाने करावं लागे. पोर अर्धा तास झोपली तर दोन देवळं, तासभर झोपली तर देवळं आणि एक खानावळ.

पोर जन्मली तेव्हा इतकी इवलीशी होती की आजोबांनी तिचं नाव 'वाटाणा' ठेवलं. खरं नाव कागदावरच राहिलं.

तेराव्या खानावळीला 'मीठ कमी' आलं तेव्हा सुनेला वाटलं, असेल. विसाव्या वेळी तिने पेन थांबवलं. आणि एकतिसाव्या वेळी डोंगरावरच्या देवळाखालच्या काकूंचं पान आलं.

"काकूंनाही काढायचं, बाबा?"

"मलाही बरं नाही वाटत. पण खोटं कसं लिहू? पाण्यात भाजी बुडवून दिल्यासारखी होती."

सुनेने मागची आवृत्ती उघडली. तिथे सासूबाईंच्या काळात लिहिलेलं होतं, की या देवळाला येऊन इथे न जेवता परतलं तर दर्शन अर्धंच झालं. लग्न झाल्यावर आठच दिवसांत सासू-सासरे तिला तिथे घेऊन गेले होते. भाजलेल्या कांद्याचा तो दाट रस्सा तिला अजून आठवत होता. दोन तासांचा घाट, वर एक देऊळ, खाली काकूंची चार बाकं. त्या वाटेला माणूस यायचा तो पुस्तक वाचूनच. पान काढलं की काकूंची चूल थंड झाली म्हणायची.

मंगळवारी तिला कळायचं ते कळलं. ती पोरीची भाजी वेगळ्या पातेल्यात करायची, बिनमिठाची, नुसती मऊ शिजवलेली. त्या दिवशी पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं होतं, आणि घाईत पातेल्यांची अदलाबदल झाली. सासऱ्यांच्या ताटात पोरीची भाजी गेली. पोरीने खारट घास थुंकला तेव्हा सुनेच्या लक्षात आलं. ती धावत बाहेर आली. सासऱ्यांनी ताट स्वच्छ केलं होतं.

"अजून वाढू?" तिने चाचरत विचारलं.

"नको. नेहमीसारखी झाली होती."

हेच सासरे एके काळी चिमूटभर मिठाकरता ताट पुढे सरकवून म्हणायचे, "सूनबाई, आज माहेरची आठवण आली वाटतं."

मग एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. मागच्या थंडीत त्यांना आठ दिवस ताप आला होता. त्यानंतर एकदा दूध उतू जाऊन करपलं, सगळ्या घरात वास, आणि सासरे शेगडीशेजारीच पेपर वाचत उभे. ती तेव्हा हसली होती. आता त्या हसण्याची तिला लाज वाटली.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. तो शाळेत गणित शिकवायचा. सगळ्यावर तो आधी सोपा मार्ग शोधायचा.

"मग बदल ना ओळ गुपचूप. मीठ कमीच्या जागी चव उत्तम. झालं."

"एकच ओळ आहे का? एकेचाळीस खानावळी आहेत. काय बदलू? मी जेवलेय का तिथे?"

"अंदाजाने लिही."

"आणि मुद्रित आल्यावर ते डोळ्यांत तेल घालून तीनदा वाचतात, त्याचं काय करू? त्यांना वाटेल मी त्यांच्या शब्दात ढवळाढवळ करते."

तो वह्यांच्या गठ्ठ्यावरची धूळ उगाच पुसत राहिला. मग हळूच म्हणाला, "आई गेली. आता त्यांना हेही नाही म्हणून सांगायचं? काय उरतं मग त्या माणसाकडे?"

दुसऱ्या दिवशी दुपारी, पोर झोपल्यावर, सुनेने प्रयत्न करून पाहिला. काकूंच्या पानावर 'मीठ कमी' खोडलं आणि 'रस्सा चविष्ट' लिहिलं. अक्षर तिचंच, वही तीच, पण ती ओळ परक्या घरात शिरलेल्या माणसासारखी दिसायला लागली. पुस्तकावर नाव सासऱ्यांचं. ते वाचून लोक घाट चढणार, तो सासऱ्यांचा शब्द म्हणून. तिने पान फाडलं आणि मूळचं पुन्हा लिहून काढलं.

शुक्रवारी मजकूर छापखान्यात द्यायचा होता. तिने बुधवारी संध्याकाळी चहा देताना विषय काढला.

"बाबा, यादीतून कुणाला काढायचं असेल तर तिथे दोनदा जेवायचं, हा तुमचाच नियम ना?"

"आहे."

"काकूंकडे एकदाच गेलात."

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. "वकील झालीस की काय?" मग कप परत उचलत, "बरोबर आहे तुझं. उद्या जाऊ. वाटाण्यालाही घे. देऊळ बघू दे तिला."

घाटात पोर बसच्या खिडकीला नाक लावून बसली होती, मग सुनेच्या खांद्यावर लाळ गाळत झोपली. देवळाच्या एकशे दहा पायऱ्या सासरे तिला कडेवर घेऊन, दुसऱ्या हाताने काठी टेकत चढले. मध्ये दोनदा थांबले, पण सुनेला घेऊ देईनात. वर देऊळ लहानसंच, काळ्या दगडाचं. दार इतकं बुटकं की देवासमोर जाताना ताठ मानेच्या माणसालाही वाकावं लागे. आत गार अंधार. टेकून बसणाऱ्यांच्या पाठी घासून एका खांबाला खोलगट गुळगुळीत जागा पडली होती.

"इथे हात घाल," सासरे म्हणाले आणि त्यांनी तिची बोटं चौकटीच्या वरच्या दगडाखाली नेली, जिथे नजर पोचतच नाही अशा जागी. तिच्या बोटांना काहीतरी लागलं. इवलंसं, सहा पायांचं.

"मुंगी?"

"मुंगी. कुणी बघणार नाही हे माहीत असून कोरली कारागिराने. पहिल्या खेपेला माझ्याही लक्षात नव्हतं आलं. तुझ्या सासूला सापडली." त्यांनी पोरीचीही बोटं तिथे लावली. पोरीला मुंगीचं काही नव्हतं, तिला आजोबांचा चष्मा हवा होता.

सुनेने बोटं मागे घेतली. या माणसाला बोटांनी दगड वाचता येत होता. आणि आपण त्याला काय सांगायला आलोय.

दर्शन घेऊन ते बाहेर वरच्या पायरीवर बसले. खाली काकूंच्या खानावळीचा धूर दिसत होता. आता नाही बोलले तर खाली जाऊन ताट समोर येईल, हे तिला कळत होतं. ताटासमोर बोलणं त्याहून वाईट.

"बाबा, एक सांगायचंय. रागावणार असाल तर रागवा."

"पैसे हवेत? का नवऱ्याशी भांडलीस?"

"मंगळवारी तुम्ही वाटाण्याची भाजी खाल्लीत. माझ्या हातून पातेली बदलली. त्यात मीठ नव्हतं."

"असेल कमी."

"कमी नाही. नव्हतंच. कणभरही."

"मग तेव्हा नाही बोललीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

खालून कुणीतरी पायऱ्या चढत येत होतं, त्याच्या चपलांचा आवाज तेवढा येत राहिला.

"म्हणजे काय म्हणायचंय तुला? सरळ बोल."

"जिल्ह्याची चव नाही गेली, बाबा."

पुढचं तिला बोलावं लागलं नाही. सासऱ्यांचा चेहरा आधी लाल झाला. "अठ्ठावीस वर्षं," ते म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं मी याच जिभेवर," आणि तिथेच थांबले. मग म्हणाले, "तू कालची पोर. मला शिकवतेस?" तेही अर्ध्यावर राहिलं. त्यांनी मांडीवरची पोर सुनेकडे दिली, काठी उचलली आणि पायऱ्या उतरायला लागले.

ती मागून गेली. शेवटच्या पायरीवर ते क्षणभर थांबले आणि सवयीने पावलं मोजायला लागले. तिला ऐकू येत होतं. एकोणीस, वीस, एकवीस, बावीस. बावीस. बावीस. मग ते नुसतेच चालत राहिले.

काकू दारातच उभ्या होत्या. साठीच्या, रुंद खांद्यांच्या, हाताला पीठ. त्यांचं तोंड हातापेक्षा वेगाने चालतं, असं जिल्हाभर म्हणत.

"या. महिन्यात दुसऱ्यांदा! माझ्या हातची ओढ लागली, का बसवाल्याने चुकून इथे उतरवलं? आणि ही कोण ढमी? आजोबांवर गेलीय, आल्या आल्या ताटाकडे बघतेय."

नेहमी या जागी सासऱ्यांचं काहीतरी चोख उत्तर यायचं. आज ते बाकावर बसले आणि म्हणाले, "साधं जेवण. दोन ताटं."

काकूंनी सुनेकडे प्रश्नार्थक पाहिलं. सुनेने मान खाली घातली.

ताटं आली. भात, कांद्याचा रस्सा, एक पालेभाजी, कच्च्या मुळ्याच्या चकत्या. वाफ सरळ सासऱ्यांच्या तोंडावर जात होती. त्यांनी ताट नाकाजवळ उचललं. असं त्यांनी आजवर कुठल्याच खानावळीत केलं नव्हतं. बराच वेळ तसंच धरलं. मग एक घास घेतला. चावला. गिळला.

"मीठ आणा," ते म्हणाले.

काकूंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मीठ? माझ्या रश्शात? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आणा हो."

काकूंनी बरणी आणून बाकावर आपटली. सासऱ्यांनी झाकण काढलं, चिमूट घेतली आणि रश्शात न घालता सरळ जिभेवर ठेवली. तोंड मिटलं. मग दुसरी चिमूट. मग चमचा भरून घेतला. सुनेने त्यांचा हात धरला, पण तोवर तो तोंडात गेला होता.

काकू कंबरेवरचे हात खाली घेऊन बघत राहिल्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. पण चाळीस वर्षं लोकांना जेवताना बघितलेली बाई ती.

"नुसतं खरखरतं," सासरे म्हणाले. "वाळूसारखं."

सुनेने पाणी पुढे केलं. त्यांनी चूळ भरली, रुमालाने तोंड पुसलं, रुमालाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"बसा, काकू. तुम्हाला सांगायचंय."

"बाबा, राहू द्या ना," सून कुजबुजली. "छापलेलं नाहीये अजून."

"लिहिलेलं आहे." ते काकूंकडे वळले. "मी तुमचं पान काढलं होतं. मीठ नाही, चव नाही, असं लिहिलं. उद्या छापायला जाणार होतं. ही मला घेऊन आली म्हणून."

काकू समोरच्या बाकावर बसल्या. हाताचं पीठ चोळून काढायला लागल्या, कितीतरी वेळ, जणू तेवढंच काम होतं.

"मला काढलंत."

"काढलं होतं."

"इतकी वर्षं येताय. पोरांच्या लग्नाला आलात. आमच्या यांच्या दहनाला उभे होतात. आणि एका शब्दाने विचारलं नाहीत? आज मीठ विसरलात का, एवढंच. मी एक घास तोंडात घातला असता आणि तिथल्या तिथे कळलं असतं कुणाचं काय बिघडलंय ते."

"विचारायची पद्धत नाही माझी."

"पद्धत," काकू म्हणाल्या. त्यात थट्टा नव्हती. त्या उठून आत गेल्या. आत बराच वेळ भांड्यांचे आवाज येत राहिले. सुनेला वाटलं, आता बाहेर यायच्याच नाहीत. पोर मुळ्याची चकती चघळत होती, तोंड वाकडं करत होती, पुन्हा चघळत होती. तिला मुळा तिखट लागत होता. सासरे तिच्या त्या वाकड्या तोंडाकडे एकटक बघत होते.

"एक गोष्ट आठवत नाही मला," ते म्हणाले. "शेवटची चव कशाची लागली ते. तापाच्या आधी काहीतरी खाल्लं असेलच ना मी? तू केलेलं असेल. पोळीचा तुकडा असेल, नाहीतर चहा. जिल्हाभरचं लक्षात ठेवलं आणि तेवढं एक नाही ठेवलं."

काकू दारात आल्या होत्या. त्यांनी ऐकलं असावं. हातात वाफाळत्या भाताचं पातेलं होतं. त्यांचे डोळे लाल होते, पण चुलीजवळच्या बाईचे डोळे कशाने लाल होतात हे कोण सांगणार.

"शेवटची आहे म्हणून आधी कळलं असतं, तर घास उतरला असता का खाली?" त्या म्हणाल्या आणि सासऱ्यांच्या ताटात गरम भात वाढला. "डॉक्टरला दाखवलंत?"

"आजच कळलंय," सून म्हणाली. "सोमवारी नेते."

"ने. माझ्या भावजयीचं आलं होतं परत, दीड वर्षाने. माझ्या भावाचं मात्र नाही आलं." काकूंनी कुणाला खोटा धीर कधी दिलाच नव्हता. आजही दिला नाही.

सासऱ्यांनी खिशातून फोन काढला. नंबर शोधायला त्यांना वेळ लागला. सुनेने हात पुढे केला तेव्हा त्यांनी मान हलवली. पलीकडून छापखानावाल्यांचा मोठा आवाज बाहेरपर्यंत आला, मजकूर तयार आहे का, कागद येऊन पडलाय.

"देवळांची पानं घ्या. गल्ल्यांची, हातमागवाल्यांची, सगळी घ्या. ती बरोबर आहेत. जेवणाची पानं थांबवा." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, तिची चूक नाही. अक्षर जुळवण्यातही नाही. माझीच आहे." ते थांबले. काठीची मूठ त्यांनी घट्ट धरली होती. "मला चव लागत नाही. वासही येत नाही. वर्ष होत आलं. आणि मी जिल्ह्याला नावं ठेवत बसलो."

पलीकडचा आवाज एकदम खाली गेला. काय बोलणं झालं ते सुनेला ऐकू आलं नाही. सासरे फक्त "हो," "हो," म्हणत होते. शेवटी म्हणाले, "दोन महिने द्या. सगळीकडे परत जावं लागेल. सूनबाई जेवेल, सूनबाई लिहील, आणि त्या पानांवर नावही तिचंच घाला."

"बाबा!" फोन बंद झाल्यावर ती म्हणाली. "मला कुठे येतंय हे? आणि वाटाण्याला घेऊन एकेचाळीस ठिकाणी?"

"तिला मी सांभाळीन. तेवढं येतं मला." त्यांनी पोरीला स्वतःच्या मांडीवर ओढलं. "ताट पुढे घे. रस्सा बाजूला ठेव. आधी नुसता भात खा."

तिने घास घेतला.

"काय लागलं?"

"चांगला आहे."

"चांगला म्हणजे काय? माझ्या पाठीवर हात फिरवू नकोस. काय लागलं ते सांग."

तिने पुन्हा घास घेतला. काकू दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या, त्यांच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत ती हळूहळू चावत राहिली. "थोडा गोडसर. शेवटी. तांदूळ जुना असावा, मोकळा आहे, पण कोरडा नाही."

"आता रस्सा."

"आधी कांदा. खरपूस. करपलेला नाही, पण त्याच्या अगदी जवळ जाऊन आलेला." ती थांबली. "मग आंबट. तिखट लगेच कळत नाही, गिळल्यावर घशात कळतं."

"कुठे घशात? वर, का खाली?"

"खाली. आणि मग कानापर्यंत ऊब येते."

सासऱ्यांनी डोळे मिटले होते. त्यांनी भातात रस्सा कालवला आणि घास तोंडात ठेवला, पण चावला नाही.

"परत सांग," ते म्हणाले. "कांद्यापासून. सावकाश."

तिने कांद्यापासून सांगायला घेतलं. ती सांगत होती आणि ते चावत होते, तिच्या शब्दाच्या मागे मागे, एकेक.